डायनॅमोवाले मामा, लुमेनवाली भाची

निनाद दहावीत गेला आणि त्याचा क्लास रात्री साडेनऊला सुटायला लागला. कोथरूडहून वारज्याला तो सायकलनं येतो. सायकलीला दिवे घ्यायचे, एवढाच विषय होता. पण घरात दोन जाणकार असले की साध्या खरेदीचंही संमेलन होतं. एक जाणकार निनादचे आजोबा. उभी नोकरी भोसरीच्या कारखान्यात काढली, दुसरी पाळी सुटली की मध्यरात्री सायकल हाणत घरी. सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणते. दुसरी त्यांची सख्खी भाची सई. नोकरी आयटीत, आणि सुट्टी ब्रेव्हेत. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर सायकलनं कापायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला चाळीस. साहजिकच हिच्या रात्री रस्त्यावर जातात. मी शेजारी. चहाला गेलो होतो, पंच होऊन बसलो.

मामा: पुढं दोनशे रुपयांचा एक दिवा लावू. मागं कंपनीनं दिलेला लाल रिफ्लेक्टर आहेच. आणि कर्वे रस्त्याला, हायवेच्या पुलाखाली एवढे दिवे आहेत की पेपर वाचता येईल. विषय संपला.

सई: तुम्हाला पेपर वाचता येतो म्हणून टेम्पोवाल्याला निनाद दिसतो असं कुठं आहे, मामा? त्याच्या डोळ्यांत समोरच्या गाड्यांचा उजेड, काचेवर धूळ, आणि आपला निनाद कसा? निळा शर्ट, पाठीवर काळी सॅक. सायकलवाल्याला सगळं स्वच्छ दिसत असतं, म्हणून त्याला वाटतं आपणही सगळ्यांना दिसतोय. अर्धे घोटाळे इथंच होतात.

मामा: अगं, रिफ्लेक्टर चमकतो की!

सई: चमकतो. पण कुणाला? चला खाली, दाखवते.

आम्ही पार्किंगमध्ये उतरलो. तिनं ट्यूब बंद करायला लावली, सायकल टोकाच्या भिंतीला उभी केली आणि मामांना पंधरा पावलांवर उभं केलं. मोबाइलचा टॉर्च त्यांच्या कानशिलाला टेकवून धरला, तर रिफ्लेक्टर लालभडक पेटला. मग तोच टॉर्च, सायकलीवरच रोखलेला, पण हात पूर्ण लांब करून बाजूला धरला. रिफ्लेक्टर जवळजवळ विझला. मामांनी तिच्या हातून टॉर्च घेऊन दोनदा करून बघितलं. कुणालाही घरी करता येण्यासारखा प्रयोग आहे.

त्यामागचं कारण असं की रिफ्लेक्टरच्या लाल प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक कोपरे असतात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तसे. त्यात शिरलेला किरण तीन ठिकाणी आपटून आला त्याच दिशेनं परत जातो. गाडीचा हेडलाइट आणि चालकाचे डोळे जवळजवळ असतात, म्हणून त्याला तो दिसतो. बाजूच्या गल्लीतून निघणाऱ्या गाडीचा झोत रिफ्लेक्टरवर पडेपर्यंत सायकल तिच्या बॉनेटसमोर आलेली असते. हेडलाइट वाकडा असेल, एकच चालू असेल, किंवा रिफ्लेक्टरवर चिखलाचा थर असेल, तर उरलासुरला उपयोगही गेला.

मामा: म्हणजे काढून फेकू म्हणतेस?

सई: मुळीच नाही. त्याला सेल लागत नाही आणि त्याला कुणी चोरत नाही. सरकारनं २०२० साली सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी दर्जाचा आदेश काढला तो काही उगाच नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. मागं स्वतःचा पेटता दिवा पाहिजे. आणि पैसे कमी असतील तर पुढचा नंतर घ्या, मागचा आधी.

मामा: उलटंच की! समोरचा खड्डा दिसायला नको?

सई: कोथरूड-वारजे रस्त्यावर खड्डा दिसतो, तुम्हीच म्हणालात, पेपर वाचता येतो. समोरून येणारा तुम्हाला दिसतो, तुम्ही बाजूला होऊ शकता. मागून येणाऱ्याबद्दल तुमच्या हातात काहीच नसतं. ताशी पन्नासच्या वेगानं गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. चालकाला काहीतरी आहे असं वाटून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. वीस-एकवीस मीटर तिथंच संपले. त्यापुढं गाडी थांबायला आणखी पंधरा-वीस मीटर. म्हणजे निनाद त्याला चाळीस मीटर आधी दिसला पाहिजे, आणि डिपरवर असलेल्या गाडीच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस तेवढ्या लांबून दिसेलच असं नाही.

मामा गप्प झाले; पण ते काही हरल्याचं गप्प नव्हतं. वर आल्यावर त्यांनी कपाटावरच्या खोक्यातून एक वस्तू काढली. मधे बुटकं धातूचं पोट, वर खाचांचं छोटं चाक: बाटलीच्या आकाराचा डायनॅमो.

मामा: हा बघ. सहा व्होल्ट, तीन वॉट. पुढच्या बल्बला दोन पॉइंट चार, मागच्याला शून्य पॉइंट सहा. सेल नको, चार्जिंग नको. खटका दाबला की टायरला चिकटायचा आणि घर्र सुरू. दिवा नसेल तर नाक्यावर हवालदार चाकाचा व्हॉल्व्ह काढून घ्यायचा आणि सायकल हातात धरून घरी जावं लागायचं. म्हणून प्रत्येकाच्या सायकलीला दिवा होता, आणि तो सायकलीलाच होता, टेबलाच्या खणात नव्हता. तुमच्या पोरांचे ते इवलेसे दिवे! काढले, खिशात ठेवले, घरी विसरले.

सई: पावसात तो टायरवर घसरायचा की नाही?

मामा: घसरायचा.

सई: उतारावर जोरात सुटलात की बल्ब उडायचा?

मामा: पुढचा उडाला की सगळा करंट मागच्याला, मग तोही जायचा. पण...

सई: आणि सिग्नलला थांबलात की दोन्ही गुल. म्हणजे रस्त्याच्या मधोमध उभे असताना बरोबर अंधार. मामा, डायनॅमोचा मोह मला पण आहे. ब्रेव्हेतले जुने खेळाडू आता डायनॅमोच लावतात, फक्त तो पुढच्या चाकाच्या आसातच बसवलेला असतो. टायरला घासत नाही, आवाज नाही. तीन वॉट तेवढेच, पण बल्बच्या जागी एलईडी असल्यानं उजेड कितीतरी जास्त, आणि दिव्यात थोडी वीज साठते म्हणून थांबल्यावरही काही मिनिटं पेटलेला राहतो. पण ते चाक नव्यानं बांधून घ्यायचं, म्हणजे निनादच्या सायकलीपेक्षा दिव्याचा खर्च जास्त.

मामांनी डायनॅमो पुन्हा खोक्यात ठेवला, पण चेहरा उजळला होता. मला विचाराल तर या फेरीत मामांचा मुद्दा सईच्या उत्तरापेक्षा मोठा होता. दिवा कायमचा सायकलीवर असणं याला तोड नाही. डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात २००४-०५ साली याचीच चाचणी झाली. ३,८४५ सायकलस्वार घेतले. त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या सायकलींना आऱ्यांवरच्या लोहचुंबकावर चालणारे दिवे बसवले. चाक फिरतंय तोवर दिवा चालू, दिवस असो की रात्र, बटणच नाही. दिवे लावलेल्यांमध्ये इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी निघाले. अपघातांची नोंद सायकलस्वारांनी स्वतःच कळवायची होती आणि आपल्या सायकलीला नवा दिवा आहे हे त्यांना ठाऊक होतं, तेव्हा आकडा थोडा सैल धरावा. पण विसरायची सोयच नसलेला दिवा हा विचार पक्का आहे, आणि भोसरीच्या दुसऱ्या पाळीला तो आधीच कळला होता.

खरी जुंपली ती पुढच्या दिव्यावरून. सईनं मोबाइलवर हजार लुमेनचा दिवा दाखवला.

मामा: हजार? निनाद काय सिंहगडावर सर्चलाइट लावायला चाललाय?

सई: अंधाऱ्या रस्त्यावर उपयोगी पडतो. कात्रजचा घाट उतरताना मी ताशी चाळीसनं येते, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. उजेड वीस मीटरच पडत असेल तर खड्डा दिसल्यापासून माझ्या हातात दोन सेकंदही नसतात.

मामा: तो घाट, आणि ती तू. हा पोरगा ताशी पंधरानं येणार. आणि हजार लुमेनचा गोळा समोरच्याच्या डोळ्यात मारला तर तो बिचारा आंधळा होऊन याच्याच अंगावर यायचा. आमच्याकडे ट्रकवाले एकमेकांना डिपर मारतात. तुझ्या या दिव्याला डिपर आहे का?

सई: कमी-जास्त करायचं बटण आहे.

मामा: ते नव्हे. उजेड कमी करणं वेगळं, खाली वळवणं वेगळं.

इथं पंचानं मामांच्या बाजूनं शिट्टी वाजवली. लुमेन हा आकडा दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो तेवढंच सांगतो. तो कुठं पडतो याबद्दल मुका असतो. बाजारातले बरेचसे सायकलचे दिवे म्हणजे हँडलला बांधलेली बॅटरीच: झोत गोल, अर्धा रस्त्यावर, अर्धा झाडांत आणि समोरच्याच्या डोळ्यांत. रस्त्यावर किती पोचला ते लक्समध्ये मोजतात. जर्मनीचा वाहन नियम सायकलीच्या दिव्याकडे असाच बघतो: दहा मीटरवर किमान १० लक्स पडले पाहिजेत, आणि ठरावीक रेषेच्या वर उजेड जवळपास जाताच कामा नये. मोटारीच्या डिपरसारखी वरून कापलेली झोताची कड. असा कापलेल्या झोताचा तीनशे लुमेनचा दिवा गोल झोताच्या हजाराला सहज भारी पडतो, कारण त्याचा उजेड वाया जात नाही. आपल्याकडेही असे दिवे आता मिळतात. खोक्यावर झोताचं चित्र असेल तर त्याची वरची कड सपाट आहे का ते बघावं. नाहीच मिळाला तर गोल झोताचा घ्यावा आणि नाक खाली करावं. दिवा लावून सायकल उभी करायची, वीस पावलं पुढं जाऊन वळून बघायचं. डोळे मिटावेसे वाटले तर आणखी खाली.

सईला हे पटलं, पण तिनं स्वतःची एक भर घातली, आणि ती मला नवी होती.

सई: दिवा बसवायचा तो शक्य तितका खाली. हेल्मेटवर लावलेला दिवा डोळ्यांच्या रेषेत असतो, म्हणून खड्ड्याची सावलीच दिसत नाही, सगळा रस्ता सपाट वाटतो. हँडलला बरा. पुढच्या चिमट्यावर लावला तर प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते आणि खड्डा लांबून कळतो. पावसात तर हेल्मेटच्या दिव्यानं थेंबच चमकतात, रस्ता नाहीच दिसत.

मामा: आमचा डायनॅमोचा दिवा चिमट्यापाशीच असायचा.

सई: माहीत आहे, मामा.

मग गाडी लुकलुकणाऱ्या दिव्यांवर आली. निनादला लुकलुकणाराच हवा होता, कारण मित्राकडे सात प्रकारे लुकलुकणारा आहे. मामांना लुकलुकणं म्हणजे गणपतीचा मांडव वाटतो. सईचा पहिला सूर निनादच्या बाजूचा होता.

सई: लुकलुकणाऱ्या दिव्याकडे नजर जाते. एवढ्या गाड्या, एवढ्या पाट्या, त्यात स्थिर लाल ठिपका हरवून जातो.

मामा: नजर जाते, मान्य. पण तो किती लांब आहे आणि कुठं सरकतोय ते कळतं का? एकदा पेटला, विझला. पुन्हा पेटला तेव्हा तो अलीकडे होता की पलीकडे? मी रात्री मागून लुकलुकणाऱ्या सायकलीच्या पाठी चालवलीय. डोकं उठतं, आणि अंतराचा अंदाज लागत नाही तो नाहीच.

यावर देशांमध्येही एकमत नाही. जर्मनीत सायकलीला लुकलुकणारा दिवा चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतो, फक्त त्यानं मिनिटाला ६० ते २४० वेळा एकसारखं लुकलुकावं अशी अट आहे. मामा-भाचीनं तोडगा काढला तो मला दोन्हींपेक्षा बरा वाटतो: रात्री मागं एक दिवा स्थिर, आणि दुसरा हवा तर मंद लुकलुकणारा. स्थिर दिव्यानं अंतर कळतं, लुकलुकण्यानं लक्ष जातं.

मामा: मागं दोन कशाला पण? उधळपट्टी.

सई: कारण मागचा दिवा बंद पडला तर चालवणाऱ्याला कळतच नाही. पुढचा गेला की लगेच अंधार होतो. मागचा गेला की घरी पोचेपर्यंत आपण निर्धास्त. सहाशेच्या ब्रेव्हेत मी दर थांब्यावर आधी मागं जाऊन बघते.

मामा: म्हणजे स्टँडबाय. कारखान्यात पंपाला असतो तसा. मग बरोबर आहे.

कारखान्याच्या भाषेत सांगितलेलं मामांना लगेच पटतं; हे सईला ठाऊक असावं.

कपड्यांचा विषय निघाला तेव्हा मामांनी पिवळ्याजर्द जाकिटाचं नाव काढलं. वाहतूक पोलीस घालतात तसलं एक घेऊ, रात्रभर चमकेल. सईनं मान हलवली. तो चमचमता पिवळा रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर उजळतो. हेडलाइटच्या उजेडात ते किरण नसल्यात जमा, म्हणून रात्री ते जाकीट नुसतंच पिवळट कापड. त्यावरची रुपेरी पट्टी मात्र काम करते. पण पट्टी कुठं लावली यानं फार फरक पडतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी वाहतुकीला बंद असलेल्या रस्त्यावर रात्री चालकांची परीक्षा घेतली. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. काळ्या कपड्यातला सायकलस्वार चालकांनी १०० पैकी दोन वेळा ओळखला. चमचमत्या रंगाचं जाकीट घातलेला पंधरा वेळा. रुपेरी पट्ट्यांचं जाकीट घातलेला पन्नास वेळा. त्याच जाकिटाबरोबर घोट्यांना आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या तेव्हा नव्वद.

मामा: घोट्याला? एवढी जादू घोट्यात कुठून आली?

सई: घोटा वर-खाली होतो. नुसता ठिपका दिसला तर तो खांब असेल, उभी रिक्षा असेल, काहीही असेल. पण दोन ठिपके आलटून-पालटून वर-खाली होताना दिसले की डोक्यात क्षणात बसतं: हा माणूस आहे, पॅडल मारतोय.

मामा: म्हणजे आमची क्लिपच की! पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याला लावायचो ती. तिलाच चमकती पट्टी लावली की झालं.

आणि खरंच, निनादसाठीच्या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते पुढच्या दिव्याहूनही आधी घ्यायची वस्तू ती ठरली: वेल्क्रोच्या दोन रुपेरी पट्ट्या. निनाद म्हणाला, "मुलं हसतील." मामा म्हणाले, "हसू देत. त्यांच्या गाड्यांना दिसशील तरी."

पावसाळ्याची गोष्ट निघाली तेव्हा मामांनी एक प्रात्यक्षिक केलं, न सांगता. त्यांनी निनादचा रेनकोट त्याला घालायला लावला आणि सायकलीवर बसवला. रेनकोटची मागची झालर सीटखालच्या नळीवर आली आणि सईनं हौसेनं तिथं बांधलेला लाल दिवा संपूर्ण झाकून टाकला. ज्या रात्री दिव्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच रात्री तो कापडाखाली. सई एक क्षण बघत राहिली आणि मग मुकाट्यानं म्हणाली, "कॅरियरला लावू." कॅरियरच्या मागच्या पट्टीला दोन नटांनी कायमचा बसणारा, पेन्सिल सेलवर चालणारा दिवा मिळतो. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, त्यामुळे चार्जिंग राहिलं ही सबब उरत नाही, आणि क्लासबाहेर सायकल लावताना दिवा काढून खिशात घालावा लागत नाही. खोक्यावर पाण्याबद्दल काय लिहिलंय तेवढं बघायचं. आयपीएक्स-४ म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्याला पुरतं. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. पुण्याच्या पावसाला चार पुरेल; कोकणात राहणाऱ्यानं सहा-सात बघावं. खोक्यावरच्या 'शंभर तास' वगैरे आकड्यांना मात्र भुलू नये. ते सगळ्यात मंद लुकलुकण्याचे तास असतात. पूर्ण उजेडावर तोच दिवा कित्येकदा दोन तासही टिकत नाही.

एवढं झाल्यावर वाद संपायला हवा होता. पण मामांच्या मनात दुसरंच काहीतरी खदखदत होतं.

मामा: तुझं सगळं बरोबर, सई. पण एक सांग. उद्या एखाद्यानं पोराला उडवलं तर पहिला प्रश्न हाच विचारणार ना, की याच्याकडे दिवे होते का, जाकीट होतं का? उडवणारा फोनवर बोलत होता का, हे कुणी आधी विचारतं? वेगानं यायचं त्यानं, आणि दिवाळीसारखं सजायचं आम्ही?

सई: चूक त्याचीच. पण त्या चुकीचा हिशेब निनादच्या हाडांवर होतो, मामा. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत चार हजारांहून जास्त सायकलवाले होते. रस्ता सुधारेल तेव्हा सुधारेल. तो साडेनऊला निघणार आहे आजच.

मामा: ते तू म्हणणारच. तुझ्याकडे दिव्यांना पैसे आहेत. पण रात्री सायकल चालवतो कोण? तुझे ब्रेव्हेवाले मूठभर. बाकी सगळे वॉचमन, हॉटेलातली पोरं, पहाटे पेपर टाकणारे, दूधवाले. साखर पट्ट्यात जा. उसाच्या गाड्यांच्या मागून अंधारात येणारा मजूर. कारखान्यांना बैलगाड्यांना रिफ्लेक्टर चिकटवायचं सुचतं, पण त्या माणसाच्या सायकलीला कोण चिकटवतं? दुकानात दिव्यांचा कोपरा बघ. तो हेल्मेटवाल्यांसाठीच मांडलेला असतो.

सईकडे याला उत्तर नव्हतं आणि तिनं ओढूनताणून दिलंही नाही. मलाही वाटतं की मामांचा हा मुद्दा दिव्यांच्या सगळ्या चर्चेत राहूनच जातो. ज्यांच्याकडे पर्याय आहे ते सायकलवाले उजळून निघतात. ज्यांच्याकडे सायकलच पर्याय आहे ते अंधारातच राहतात. पूर्वी हवालदाराचा धाक होता तसा आता नाही, आणि नुसत्या धाकानं काही होईल असं मला वाटतही नाही. दिवा परवडला तर लावतील.

सई: मग आपण किंमत मांडूया, मामा. मागचा साधा सेलवाला दिवा दोन-तीनशेत येतो. घोट्याच्या पट्ट्या शंभर-दीडशेत. मडगार्डला मागं लाल आणि पुढं पांढरा रिफ्लेक्टर टेप, वीतभर, त्याला तर पैसेच किती? साधारण पाचशेत माणूस मागून दिसायला लागतो. हजार लुमेनच्या माझ्या एका दिव्याच्या किमतीत असे कितीतरी सायकलवाले उजळतात.

मामा: आता कसं बोललीस!

शेवटी खरेदी झाली ती अशी. निनादला कॅरियरवर पक्का बसवलेला लाल दिवा, सॅकच्या पट्ट्याला दुसरा छोटा मंद लुकलुकणारा, घोट्यांना दोन पट्ट्या, मडगार्डला टेप, आणि पुढं चिमट्याजवळ तीनशे लुमेनचा, वरची कड कापलेला, नाक खाली केलेला एक दिवा. हजार लुमेन रद्द झाले. रिफ्लेक्टर धुऊन जागेवर राहिले. मामांनी मागच्या दिव्याचे नट स्वतः आवळले आणि वर थोडा नेलपेंटचा ठिपका लावला, धक्क्यानं सैल होऊ नयेत म्हणून. ही कारखान्यातली युक्ती. पाकिटातून दोन जादा सेल काढून निनादच्या कंपासपेटीत टाकले.

वाचकहो, तुमच्या घरातली सायकल रात्री बाहेर पडत असेल तर आज पार्किंगमध्ये टॉर्चचा तो प्रयोग करून बघा आणि मागचा दिवा आधी घ्या. आणि उद्या पहाटे पेपर टाकायला येणाऱ्या मुलाच्या सायकलीच्या मागं लाल दिवा आहे का, तेही बघा. नसेल तर सोसायटीनं मिळून त्याला एक बसवून द्यावा. चहाच्या एका बैठकीएवढाही खर्च नाही.